अकरा जणी आणि हातमोज्यांचा एक जोड

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची ही गोष्ट आहे. कॉलेज चंद्रपूरला, गाव सिंदेवाहीकडे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. शनिवारी दुपारच्या एसटीने मी गावी आलो की कुणीतरी काहीतरी वाचायला घेऊन यायचंच. तहसीलचा कागद, एखादी चिठ्ठी, औषधाची बाटली. मला ते आवडायचं, हे आधीच सांगतो.

त्या पावसाळ्यात एका परदेशी कंपनीने गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, प्रयोगासाठी घेतल्या. धानावर गादमाशी नावाची कीड पडते, तिच्यासाठी त्यांचं नवीन दाणेदार औषध होतं. ते ओल्या रेतीत मिसळायचं, घमेल्यात घ्यायचं आणि बांधीतल्या पाण्यात उभं राहून मुठीने फेकायचं. या कामाला आमच्या मोहल्ल्यातल्या अकरा बाया लागल्या. त्यांत मोठीमाय होती, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. कंपनीच्या बांधीत मजुरी जास्त होती, त्यामुळे नंबर लागला याचाच सगळ्यांना आनंद होता.

भोपाळ होऊन फार दिवस झाले नव्हते. कंपनीचे साहेब नागपूरचे होते, बोलायला अतिशय गोड. ते म्हणाले, आता वरून हुकूम आहे. मजुरांना धोका त्यांच्या भाषेत समजावून सांगायचा आणि सांगितल्याचा कागद करायचा. तो कागद परदेशात जातो. गावात इंग्रजी वाचणारा मी एकटा, म्हणून ते मुद्दाम रविवारी आले.

मी बांधावर उभा राहून पुड्यावरचं सगळं वाचलं आणि मराठीत सांगितलं. हातमोजे घाला, काम करताना खाऊ नका, औषध टाकलेल्या पाण्यातली मासोळी धरू नका. पुड्यावर कवटी होती आणि तिच्या खाली लाल त्रिकोण. तो त्रिकोण पाहून एक बाई म्हणाली, "हे तं कुटुंब नियोजनाचं निशान हाय. ह्या औषधानं किडेयले पोरं नाई होत काय बापू?" सगळ्या हसल्या. साहेबही हसले. मीही हसलो आणि मासोळीचं पुन्हा सांगायचं राहून गेलं.

मग साहेबांनी पिशवीतून हातमोजे काढले. रबरी, कोपरापर्यंतचे. एकच जोड.

"बाकीचे मागून येऊन राहिले," ते म्हणाले. "आज फोटो काढून घेऊ."

एकेकीने तो जोड घातला, फोटो काढला, उतरवून पुढचीला दिला. मोठीमायने घातला तेव्हा कुणीतरी ओरडलं, "डाक्टरीणबाई, आमाले सुई नोका टोचू!" कागदावर एक प्रश्न होता, मजुरांना हातमोजे पुरवले का? पुढे होय आणि नाही. जोड एकच होता. पण प्रत्येकीने घातले होते हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि बाकीचे येणारच होते. मी होयवर खूण केली. बाकीच्यांनी अंगठे दिले. मोठीमाय म्हणाली, "अंगठा नाई देत मी. सही करतो." विहारातल्या वर्गात ती सही शिकली होती. तिने सावकाश सही केली. शेवटी खाली, समजावून सांगणारा म्हणून, मी केली.

बाकीचे मोजे आले नाहीत.

पुढच्या शनिवारी मी गावात उतरलो तेव्हा मोठीमाय घरी नव्हती. शुक्रवारी दुपारी काम करता करता तिला दरदरून घाम आला, तोंडातून लाळ गळायला लागली, मग उलट्या. वडिलांनी तिला सिंदेवाहीच्या दवाखान्यात नेलं होतं. मी सायकलने तिथे गेलो. डॉक्टर म्हणाले, औषधाचा पुडा आणून दाखवा. मी परत आलो, बांधावर पडलेला रिकामा पुडा शोधला आणि पुन्हा गेलो. जाताना पुडा हँडलला लटकवला होता. त्यावर कंपनीचा पत्ता बारीक इंग्रजीत छापला होता. त्या गावाचं नाव मी भूगोलाच्या पुस्तकातही वाचलेलं नव्हतं.

मोठीमाय वाचली. पण तिचे हात थरथरत राहिले. भाताचा घास तोंडापर्यंत नेताना सांडायचा आणि ती हसून म्हणायची, "पाह्य, कोंबड्यायची सोय झाली."

औषधाची दुसरी पाळी पोळ्यानंतर होती. साहेब रविवारी आले, तसाच कागद घेऊन. मी म्हणालो, "साहेब, मोजे?"

"येऊन राहिले ना."

"मग मी नाही लिहिणार."

त्यांचा आवाज चढला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, तुम्ही शिकलेले आहात. आज नाही लिहिलं, तर मागचं होय खोटं ठरतं. ते कोणी लिहिलं? कंपनीने तर नाही लिहिलं. तुमच्या मोठीमायले जे झालं, त्याचा जबाब कोण देईल?"

  

साहेब बायांकडे वळून म्हणाले, "कागद झाला नाही तर काम बंद. माझ्या हातात काही नाही."

बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. "काऊन रे बापू, आमच्या मजुरीवर उठला का तू?" एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, "कालेज शिकून हे शिकला." मी म्हणालो, "मोजे नाहीत, बाई. मोठीमायचं पाहिलं ना तुम्ही?" ती म्हणाली, "पायलं. मले दिसते. तुले चूल दिसते काय माही?"

मोठीमाय मागे उभी होती. तिला कामाला येऊ नको म्हणून मी घरी सांगितलं होतं, तरी आली होती. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "कर ना सही, बाबू. आपल्या सहीनं जग थांबत नाई."

मी कागदावर होय आणि नाहीच्या मध्ये बारीक अक्षरात लिहिलं, एक जोड, अकरा जणी. साहेबांनी वाचलं. कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि दुसरा कोरा कागद काढला. "इथे आकडे लिहायची जागा नाही," ते म्हणाले. "होय, नाहीतर नाही."

मी होयवर खूण केली.

बाया पाण्यात उतरल्या. मोठीमायने घमेलं उचललं तेव्हा तिच्या हातात ते हललं आणि थोडं औषध पायावर सांडलं. मी चप्पल काढली, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि तिच्या हातातून घमेलं घेतलं.

"अरे, तुम्ही कशाला? तुमचं काम झालं," साहेब म्हणाले.

मी बांधीत उतरलो. चिखल गार होता. मूठ भरताना त्या पहिल्या रविवारी कोरड्या बांधावरून मी यांना काय काय वाचून दाखवलं होतं, ते सगळं एकदम आठवलं. मग मूठ भरली आणि फेकली. कुणीतरी म्हणालं, "दूर फेक, बापू, आपल्या पायावर पाडून राहिला तू."

त्या दिवशी मोठीमाय बांधावर बसून होती. बाकी दहा जणी पाण्यातच होत्या.