हमिंगबर्डचा खण

लंडनमधल्या पिनरहून निघताना माझ्या मुलीने, सुधाने, मला दारातच बाजूला घेतलं. "आई, आज मुक्ताला समजाव. माझं ती ऐकत नाही."

मुक्ता म्हणजे सुधाची मुलगी. पक्ष्यांच्या अभ्यासासाठी तिला दोन वर्षं कोलंबियाच्या डोंगरात जायचं होतं. तिला अडवायलाच मला सांगलीहून विमानात बसवून आणलं होतं. घरात मी नुसती येरझारा घालत होते. मुक्ताबरोबर बाहेर जायचं म्हटल्यावर सगळ्यांच्या आधी तयार झाले.

वॉटफर्डला उतरून बसने दुसऱ्या स्टेशनात गेलो, तिथून पुन्हा ट्रेन. दोन्हीकडे ओली कुरणं आणि मेंढ्या. लवकर कंटाळा येतो.

मुक्ता काम करते त्या संग्रहालयाच्या दारात एका म्हाताऱ्याने माझ्या पिशवीतले शेंगदाण्याचे लाडू काढून घेतले. "सॉरी, लव्ह. खाण्याने किडे येतात."

"हा मला लव्ह कशाला म्हणतो?"

"इकडे सगळ्यांना म्हणतात गं आजी. चल."

तिने एक खण ओढला. आत अंगठ्याएवढे हमिंगबर्ड (फुलापुढे हवेत थांबून मध पिणारे पक्षी) कापूस भरून, पायाला चिठ्ठी बांधून उताणे ठेवलेले. सगळे हेलिअँजेलस या एकाच प्रजातीचे (जवळच्या जातींचं घराणं).

"जात गळ्यावरून कळते," मुक्ता म्हणाली.

"सगळ्यांचे गळे काळेच आहेत. यासाठी एवढं शिकलीस?"

"तू पायाकडे उभी आहेस. चोचीकडून बघ."

मी वळसा घालून गेले. एकाचा गळा जांभळा पेटला, दुसऱ्याचा गुलाबी, तिसऱ्याचा नारिंगी. परत पायाकडे गेले तर काळेच. मी जा-ये करत राहिले, तशी मुक्ता हसायला लागली.

मग म्हणाली, "कोलंबियातल्या एका जातीचा एकच पक्षी मिळालाय, तोही मेलेला. ती खरी जात की दोन जातींचं मिश्र पिल्लू, नक्की माहीत नाही. जिवंत कुणी बघितला नाही."

"तुलाही नाही दिसला तर?"

"तर नाही दिसला."

"आणि तुझ्या जिवाचं काही झालं तर?"

"भीती वाटते, आजी. पण जायचंय."

खोटी हमी दिली नाही, ते मला आवडलं.

संध्याकाळी सुधा दारातच उभी. "सांगितलंस?"

"सांगितलं. शनिवारी तिला बूट घ्यायचेत, डोंगरात न घसरणारे."

"यासाठी बोलावलं तुला?"

"तू देश सोडून इकडे लीड्सच्या हॉस्पिटलात नोकरी धरलीस, तेव्हा मी अडवायला आले होते का?"

ती पाय आपटत वर गेली. मी कोट न काढताच बसले. मुक्ता परत येईल तेव्हा मी असेन की नाही, याची हमी मलाही देता आली नसती. तिने विचारलं नाही, ते बरं झालं.