खोट्या प्रेसचे भेरेसाहेब

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात मी रुजू झाले, तेव्हा श्री. रघुनाथ भेरे टेबलाखाली वाकून तारा जोडत होते. मला आधी त्यांची पाठच दिसली. तिथूनच ते म्हणाले, "शहापूरच्या ना तुम्ही? मग पाचची एसटी चुकवायची नाही. काम उद्याही असतं." पुढची दहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकले. त्यांना साठ वर्षं पूर्ण होत असताना त्यातला एक प्रसंग सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं.

पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसचे कंट्रोलर आम्ही बनवत असू. त्यातला प्रोग्राम थेट खऱ्या प्रेसवर चढवून बघायचा, अशी तेव्हाची रीत होती. साहेबांना ती मान्य नव्हती. "चूक सापडेपर्यंत तिथं कुणाचा तरी हात असतो," ते म्हणत. दोन वर्षं खपून त्यांनी संगणकावर प्रेसची नक्कल उभी केली. कंट्रोलर खरा, बटणं खरी, फक्त प्रेसच्या जागी संगणक. पत्र्यावर उतरणारा दट्ट्या कुठवर आला, ब्रेक किती लागला, हे तो प्रेसच्याच वेगानं कळवी, आणि कंट्रोलरला आपण यंत्रच चालवतो आहोत असं वाटे. कामगार त्याला 'खोटा प्रेस' म्हणत.

एका नव्या कंट्रोलरचा प्रोग्राम मी प्रथमच एकटीनं लिहिला होता. यादीतल्या सगळ्या चाचण्या पार पडल्या, दुसऱ्या दिवशी माल जायचा होता. तरी साहेबांनी सावळारामदादांना बोलावलं. दादा सिद्धगडाच्या पायथ्याचे, आमच्याकडचे जुने प्रेस ऑपरेटर; दुसऱ्या एका कारखान्यात त्यांची दोन बोटं गेली होती.

"दादा, तुमी रोज चालवता तसंच चालवा," साहेब म्हणाले.

दोन्ही हात दट्ट्यापासून लांब राहावेत म्हणून प्रेसला दोन बटणं असतात; दादांनी संकोचत ती दोन्ही दाबून धरली. पडद्यावर दट्ट्या उतरू लागला. मध्येच त्यांनी डावा हात उचलला. दट्ट्या थांबायला हवा होता. तो तळापर्यंत आला.

"एकच हात का उचललात?" मी विचारलं.

"पत्रा सरकला का हात जातोच, ताई. मुद्दाम नाय करत कुनी. माझी बोटं तशीच गेली."

चूक माझ्या लक्षात आली. एकच बटण सुटलं तर ती तारेची थरथर समजून माझा प्रोग्राम क्षणभर वाट बघत होता, आणि तेवढ्यात दट्ट्या तळाला पोचत होता. मी मात्र चाचणीत दर वेळी दोन्ही हात एकदम उचलले होते.

बैठकीत मॅनेजरांनी विचारलं, "चूक कुणाची?"

"चाचण्यांची यादी माझी," साहेब शांतपणे म्हणाले. "त्यात एक हात नव्हता."

"गिऱ्हाईक थांबणार नाही."

"मग माझ्या सहीशिवाय पाठवा."

कुणी पाठवला नाही. बाहेर आल्यावर मी डोळे पुसत होते. साहेब एवढंच म्हणाले, "झालं असेल तर प्रोग्राम उघडू या." चार दिवस ते माझ्या शेजारी बसले, पण कीबोर्डला त्यांनी हात लावला नाही. पाचव्या दिवशी दादांनी डावा हात उचलला, उजवा उचलला, हर तऱ्हेनं करून पाहिलं. दट्ट्या प्रत्येक वेळी जागच्या जागी थांबला.

अहवालावर साहेबांनी दादांचीही सही मागितली. "मी कशाला साहेब? मला त्यातलं काय कळतं?"

"आमाला जे कळलं नाय, तेच तुमाला कळलं," साहेब म्हणाले. दादांनी पेन घेतलं आणि सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. तेव्हापासून नवा कंट्रोलर आला की पहिल्यांदा ऑपरेटरला बोलावण्याची आमच्याकडे पद्धत पडली, ती आजही आहे.

निवृत्तीनंतर साहेब तालुक्यातल्या प्रशिक्षणार्थींसाठी असाच एक खोटा प्रेस बांधायला घेणार आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्या टेबलावर नव्या मुलामुलींच्या पुष्कळ चुका होवोत, आणि साहेब शेजारी बसून त्या त्यांच्याच हातून दुरुस्त करून घेवोत.