मृगाच्या पोटातला धूर

मी चौथीपर्यंत शाळेत गेलो. चौथीतही परीक्षेच्या आधी बंधाऱ्यावर गेलो तो पुन्हा वर्गात बसलो नाही. तरी आमच्या गावात रात्री किती वाजले ते मास्तरसुद्धा मला विचारत.

साक्रीकडे पांझरेच्या काठी आमचं गाव. नदीवर जुना दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखाली सगळ्या गावाची सलग जमीन. तिला आम्ही फड म्हणतो. फडात ज्याने त्याने आपल्या हाताने पाणी घ्यायचं नाही. ते पाटकऱ्याने द्यायचं, ज्याची पाळी त्याला, पाळी संपली की बंद. माझा बाप पाटकरी होता, त्याच्यानंतर मी. घड्याळ नव्हतं तेव्हा बाप रात्रीच्या पाळ्या चांदण्यांवर बदलायचा, आणि कोणी शेतकरी त्याच्याशी भांडला नाही.

मला कामाला लावायच्या आधी त्याने एकच परीक्षा घेतली. धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर नेलं, कृत्तिकांचा झुबका दाखवला आणि विचारलं, "कितल्या?" मी म्हणालो सहा. "सहा दिखतस ते चाल पाटवर. पाच म्हनता ते ढोरं चारता." सातवी बारीक चांदणी मला पंधरा दिवस रोज बघून दिसली. तेव्हापासून मी गावात सांगत आलो की मला सात दिसतात. सांगता सांगता साठ वर्षं झाली.

त्यातली शेवटची तीन-चार वर्षं मी खोटं बोलत होतो.

आधी सातवी गेली, मग सहावी, मग सगळा झुबका राखेच्या चिमटीसारखा झाला. मोतीबिंदू आहे हे कळायला डॉक्टर लागत नाही. पण माझ्या आईचा डोळा एका फिरत्या वैदूने सुई घालून "साफ" केला होता आणि तो महिन्याभरात वाहून गेला होता. तेव्हा डोळ्याला कोणाचा हात लागू द्यायचा नाही असं मी ठरवलेलं. दुसरी गोष्ट, ज्याला दिसत नाही त्याच्या हातात गाव पाटाचं फावडं ठेवील का? ते फावडं गेलं असतं तर माझ्याकडे सांगण्यासारखं काय उरलं असतं, हे मला माहीत नव्हतं. म्हणून गप्प राहिलो. पाटाच्या कोणत्या तोंडातून कोणाचं शेत भिजतं ते पायाला पाठ होतं, त्यावर भागत होतं.

माझी सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिचं माहेर भुसावळजवळ दीपनगरच्या वसाहतीत. वीज केंद्राच्या उजेडात तिथे रात्र कधी काळोखी होतच नाही, असं ती सांगते. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या अमावास्येला धाब्यावर जाऊन किती तरी वेळ मान वर करून उभी होती. त्या वेळी तिला चांदण्या मी दाखवल्या होत्या. म्हातारीची बाज, म्हणजे सप्तर्षींचा चौकोन, आणि ती चोरणारे तीन चोर, मृग, व्याध, सगळं. ती वहीत लिहून घ्यायची. चौथी नापास माणसाचं कोणी लिहून घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

परवाच्या मार्गशीर्षात शाळेला दुर्बीण मिळाली, दोन डोळ्यांनी बघायची. तिने ती संध्याकाळी घरी आणली. जेवणाआधीच शेजारपाजारचे आमच्या धाब्यावर चढले. त्यात आमचा नानाही होता. नानाचं शेत पाटाच्या शेवटच्या टोकाला, आणि तोंड सगळ्यात पुढे.

"पहिला मान आबाचा," नाना म्हणाला. "आबाले दुर्बीन कसाले पाहिजे? त्याले सात दिखतस. दुर्बीनमां सतरा दिखतीन."

मी दुर्बीण घेतली, पूर्वेला कृत्तिकांकडे धरली आणि डोळ्यांना लावली. आत काळं. राखेची चिमूटसुद्धा नाही. वाटलं, गेले, आत्ता या क्षणी दोन्ही गेले. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"साती दिखतस," मी मोठ्याने म्हणालो. "चोख. मोत्यासारख्या."

सून पुढे आली. "आबा, जरा द्या, काचेला बोटं लागलीत. पुसून देते." तिने लोकांकडे पाठ केली, दुर्बिणीशी काहीतरी केलं आणि परत माझ्या हातात दिली. या खेपेला उजेडाचा एक चुरा दिसला. चांदण्या वेगळ्या होत नव्हत्या, पण आकाश होतं. मी हूं म्हणून दुर्बीण नानाकडे दिली. नाना लहान पोरासारखा ओरडला, "अरे बापरे, हाई तर बाजरी सांडेल शे!"

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी ती माझ्यासमोर चहा ठेवून तिथेच बसली.

"आबा, काल दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला झाकणं होती. काढायची माझ्याकडून राहिली होती."

मी चहा बशीत ओतला.

"मग सात कुठल्या मोजल्या?"

"साठ वरीस मोजेल शेतस," मी म्हणालो. "पाठ शेतस माले."

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. "मी कोणाला बोलणार नाही, यांनासुद्धा नाही. पण तुम्ही धुळ्याला चला. आता तिथे सुई घालत नाहीत, अर्ध्या तासाचं काम असतं. मी तुमचा हात धरून बसते."

मला राग आला. माझ्या घरात, माझ्या सुनेने मला पकडलं. तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही, जेवलो ते मान खाली घालून. मुलगा विचारत राहिला, काय झालं? ती म्हणाली, "काही नाही, आबांचे गुडघे दुखताहेत." माझं खोटं झाकायला तिने गुडघे पुढे केले.

त्याच आठवड्यात रात्रीच्या पाळीत मी चुकीचं तोंड उघडलं. गव्हाचं पाणी नानाच्या हरभऱ्यात गेलं आणि सकाळपर्यंत तुंबलं. हरभऱ्याला इतकं पाणी सोसत नाही, निम्मा वाफा पिवळा पडला. नाना बांधावर उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "खेकड्यांनी बांध पोखरला असेल." नाना म्हणाला, "असीन." एवढंच. ज्याचं तोंड कधी बंद नसतं तो एक शब्द बोलून गेला, ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं. घरी येऊन मी सुनेला म्हटलं, "कधी जायचं?"

धुळ्याच्या दवाखान्यात ती खरंच हात धरून बसली होती, आत नेईपर्यंत. उजवा डोळा केला. पट्टी सुटली तेव्हा पहिलं काय दिसलं असेल, तर तिच्या साडीच्या काठावरची वीण. निळ्या काठात पिवळा दोरा होता. वर्षभर ती साडी मी राखाडी समजत होतो.

डोळ्यात औषध घालायची पाळी महिनाभर तिचीच. डॉक्टरांनी मोकळं केलं तेव्हा पौष सरत आला होता. अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी तिने पुन्हा दुर्बीण आणली. या खेपेला धाब्यावर मी, ती आणि न बोलावता आलेला नाना.

कृत्तिका डोक्यावर होत्या. नुसत्या डोळ्याने सहा. दुर्बीण लावली, डावा डोळा मिटला आणि मी मोजायला लागलो. सात, नऊ, चौदा. वीसच्या पुढे मोजणी चुकली. माझ्या बापाने जन्मभर सहा-सातांवर पाणी वाटलं, आणि मागे एवढं बियाणं पेरलेलं! मनात आलं, त्याला एकदा हे दाखवायला हवं होतं.

"आता मृगाकडे वळवा," सून म्हणाली. "पोटातल्या तीन चांदण्यांच्या बाणाच्या खाली बारीक तारे लोंबतात ना, तिथे."

मी वळवली. तिथे धूर होता. चांदणीभोवती पिंजलेल्या कापसासारखा, करडा. मोतीबिंदूचा अगदी तसाच रंग. पापणी मिटून उघडली, धूर तिथेच. काच पुसली, धूर तिथेच.

त्या क्षणी मी "चोख" म्हणू शकलो असतो. तोंडात शब्द आलाही होता. शेजारी नाना उभा होता.

"सूनबाई," मी म्हणालो, "परत धूर आला. डोळा बिघडला माझा."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरले. मग ती हसली. "आबा, डोळा बिघडला नाही. तो धूर वरच आहे. तेजोमेघ म्हणतात त्याला. नवे तारे तिथे तयार होतात."

मला ती समजूत काढते आहे असं वाटलं. नानाने माझ्या हातातून दुर्बीण ओढली, बघितलं. "धूर शे. मालेबी दिखस. कोनी तरी चूल पेटाडेल दिखस वर."

म्हणजे धूर खरंच वर होता. मी साठ वर्षं त्या चुलीखालून फावडं घेऊन चाललो होतो. बसलो तिथेच, धाब्याच्या कडेला. आणि धीर आलेला होता तोवर बोलून टाकलं.

"नाना, खेकडा नव्हता. तुना हरबरामां पानी मीच सोडं. माले दिखे नही."

"माले माहीत शे."

"कधीपासून?"

"दोन वरीस. बठ्ठा गावले माहीत शे, आबा. तू पाटवरथीन गया, की तुना मांगे कोन ना कोन फिरी येस, तोंडं पाही येस. त्या रातले मनी पाळी व्हती. माले झोप लागी गई."

दोन वर्षं गाव माझ्या मागे चालत होतं आणि एकानेही मला पाऊल ऐकू येऊ दिलं नाही. फावडं कोणी मागितलं नव्हतं. ज्यांच्यापासून लपवत होतो त्यांनीच ते माझ्या हातात धरून ठेवलं होतं. मी कोणाला सहसा हात जोडत नाही. त्या रात्री नानाला जोडले, तर तो म्हणाला, "वर देख, वर. उगाच मना हरबरानी आठवन काढू नको."

मी पुन्हा दुर्बीण घेतली. धूर अजून होता, आता त्याची भीती वाटत नव्हती. बघत असतानाच म्हणालो, "सूनबाई, डाव्या डोळ्याची तारीख घेऊन टाक."

"मागच्याच आठवड्यात घेतलीय, आबा. मंगळवारची."

मला न विचारता. मी तिला रागावायला तोंड उघडलं, आणि दुर्बीण तिच्या हातात दिली. तिने अजून पाहिलं नव्हतं.