बद्द वाजणारी भिंत

नंदुरबारचे फकीर मिस्तरी लग्नाला गेले तरी नवरदेवाआधी भिंती बघायचे. बोटाच्या पेराने टकटक करायचे, आणि आवाज आवडला नाही तर यजमानाचीही भीडभाड ठेवायचे नाहीत. त्यांची एक रीतच होती. घर पुरं झालं की मालकाला समोर उभं करायचं, भिंत वाजवायची आणि म्हणायचं, "ऐका." भिंत खणखणीत बोलली की मगच मालकाच्या हातून मानाचा टोपी-रुमाल घ्यायचा.

कोरीट गावच्या भूपेशच्या घराने मात्र त्यांची पंचाईत केली. भूपेशची आई कौसाबाई गेल्या वैशाखात भर दुपारी घरातल्या घरात चक्कर येऊन पडली होती. तिच्यासाठी त्याने सुरतेहून थर्माकोलचे पोकळ ठोकळे मागवले. ते एकावर एक रचायचे, आत सळया उभ्या करायच्या आणि काँक्रीट ओतायचं. थर्माकोल दोन्ही अंगांनी तसाच राहतो आणि बाहेरचं ऊन आत येऊ देत नाही. मिस्तरींनी नाक मुरडत, पण ओळंबा तसूभर न हलू देता घर उभारलं. प्लास्टर वाळल्यावर सवयीने बोट वाजवलं. बद्द. त्यांचं तोंडच उतरलं. आतलं काँक्रीट पक्कं होतं, त्यांनी स्वतः ओतलं होतं. पण हा आवाज चारचौघांत ऐकवायचा कसा? रीत न करताच ते घरी निघून आले आणि बायकोला, सुरैय्याला, म्हणाले की हे घर मी बांधलं असं कुणाला सांगू नकोस.

वास्तुशांत ऐन वैशाखात निघाली. कौसाबाईने भूपेशला पाठवून मिस्तरींना अक्षरशः धरून आणवलं. बाहेर ऊन आग ओकत होतं. जेवण झालं, मिस्तरी भिंतीला टेकले, आणि स्वतःच्या घरी पत्र्याखाली महिनाभर रुसलेली झोप त्यांना बसल्या बसल्या लागली. मध्येच लाईट गेली, पंखा थांबला. त्यांना पत्ताही नव्हता.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. ओशाळून ते उठू लागले.

"बठा मिस्तरी," कौसाबाई त्यांच्या पाठीमागच्या भिंतीकडे बोट करत म्हणाली. "तुम्हनीच भीत शे."

तिने टोपी-रुमालाचं ताट पुढे आणलं. "पह्यले भीत वाजाडा. तुम्हनी रीत शे ना?"

मिस्तरींचं बोट भिंतीपाशी गेलं आणि तिथेच थांबलं. मग त्यांनी अख्खा तळवा भिंतीवर टेकवला.

"आज ऐकानं नही, आक्का. हात लावी पाहा."

कौसाबाईने हात लावला. भिंत गार होती. बराच वेळ तिने तो काढला नाही, आणि मिस्तरींनी टोपीसाठी मान पुढे केली.