पाणक्याचे संवाद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

२०१७च्या दिवाळीला, इथल्या, कॅनडातल्या ओकव्हिलच्या आमच्या मराठी मंडळासाठी मी एक विनोदी नाटक लिहिलं. राजकन्येवर दोघांचं प्रेम. एक दरबारी सरदार — तिच्या एका कटाक्षासाठी प्राण द्यायला तयार, पण तिला ताप आला तर दारातूनच कविता म्हणून निघून जाणारा. दुसरा राजवाड्यातला पाणक्या. सरदार मी झरझर लिहिला. दिखाऊ प्रेम लिहायला काय लागतं? चार उपमा! पाणक्या मात्र तोंड उघडेना. उघडलंच, तर सरदारासारखा बोलायचा.

त्याच सुमारास सुनंदा आणि माधव पुण्याला गेले. सुनंदा माझी मैत्रीण, नर्स. माधव तिचा नवरा, अबोल माणूस. झाडांना पाणी घालायला त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. मी किचनच्या ड्रॉवरमध्ये कात्री शोधत होते — खरंच कात्रीच शोधत होते — आणि बिस्किटांचा एक जुना डबा हाताला लागला. आत चिठ्ठ्या. तो कामावर जायला पहाटेची लोकल, गो ट्रेन, पकडायचा, ती उशिरा उठून दुपारच्या शिफ्टला जायची. बोलायला वेळ नाही, म्हणून तो लिहून ठेवायचा. 'गाडीवरचा बर्फ काढलाय.' 'उजवीकडची पायरी निसरडी आहे, डावीकडून उतर.' 'आत्ता तू झोपेत हसलीस. मला दिवसभर पुरेल.'

डबा बंद करता आला असता ना? मी फोन काढला आणि एकेका चिठ्ठीचा फोटो घेतला.

आणि नाटक — काय सांगू! हॉल खच्चून भरलेला. सरदाराच्या प्रत्येक उपमेला हशा. मग पाणक्या राजकन्येला म्हणाला, "उजवीकडची पायरी निसरडी आहे, डावीकडून उतर." — आणि हसणारा हॉल एकदम गप्प झाला. शेवटी राजकन्येनं सरदाराची कविता त्याच्याच हातात परत ठेवली आणि पाण्याची कळशी स्वतः उचलली, तेव्हा लोक उठून उभे राहिले. इथे जन्मलेली, मराठी जेमतेम कळणारी मुलंसुद्धा! मला स्टेजवर बोलावलं. माझे पाय जमिनीवर नव्हते.

"पाणक्याचे हे संवाद सुचले कुठून?" निवेदकानं माइकवरून विचारलं.

तिसऱ्या रांगेत सुनंदा उभी होती — टाळ्या वाजवत, मध्येच डोळे पुसत. शेजारी माधव, मान खाली घालून.

"सुचत गेले," मी म्हणाले.

नंतर सुनंदा मला घट्ट बिलगली. "जिंकलीस गं!" एवढंच. माधव म्हणाला, "छान लिहिलंत, वहिनी." आवाजात राग नव्हता. असता तर मी तिथेच कबूल केलं असतं? — नाही. केलं नसतं.

पुढे ते नाटक किचनरला झालं, कॅल्गरीला झालं. प्रत्येक ठिकाणी लोक उभे राहिले. मी प्रत्येक वेळी वाकून नमस्कार केला, आणि — खोटं कशाला बोलू — प्रत्येक वेळी आनंदानं माझा ऊर भरून आला. पाणक्या जिंकत होता! त्याचं प्रेम खरं आहे, हे प्रत्येक हॉलला पटत होतं.

पत्रकांवर लेखिका म्हणून माझं एकटीचं नाव आहे. ते संवाद माधवचे होते, फक्त एका बाईसाठी लिहिलेले. मी ते चोरले, आणि त्या दोघांच्या समोर माझे म्हणून सांगितले.