चौकीतली राखी

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये मराठी वस्तीच्या त्या चार-पाच बिल्डिंगा आहेत, तिथे कुणाचा नवरा दारू पिऊन हात उचलू लागला तर बाई थेट पोलिसांकडे जात नसे. आधी सुनेत्राबाईंची बेल वाजवायची, असा रिवाजच पडला होता. सुनेत्राबाई महिला दक्षता समितीच्या सदस्य. म्हणजे काय, तर बाईमाणूस तक्रार द्यायला आली की चौकीत तिच्या शेजारी बसायचं, तिला धीर द्यायचा, आणि साहेबलोकांनी कंटाळा केला तर गोड बोलून त्यांना कामाला लावायचं. पगार नाही, मानधन नाही, उलट रिक्षाभाडं पदरचं. नवरा श्यामकांत अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर होता, आता रिटायर. तो म्हणायचा, "आमच्या घरात अजून एक माणूस ड्युटीवर आहे बरं का, फक्त तो मी नाही."

दर राखीपौर्णिमेला समितीच्या बायका ताटं घेऊन चौकीत जात. सणाला पोलिसांना घरी जायला मिळत नाही, म्हणून त्यांना ओवाळायचं, राखी बांधायची, डब्यातून नेलेला नारळीभात खिलवायचा. बाकीच्या बायकांचं सगळं फोटोपुरतं. फोटो निघाला की ग्रुपवर टाकायचा आणि विसरून जायचं. सुनेत्राबाईंचं तसं नव्हतं. त्यांना सख्खा भाऊ नाही. ज्याच्या मनगटाला दोरा बांधला तो त्यांच्या लेखी भाऊच, मग तो हवालदार असो नाहीतर फौजदार. बदली झालेल्या भावांनाही त्या दिवाळीला फोन करत. भोळी बाई हो, दुसरं काय.

तर एका वर्षी चौकीत नवा फौजदार आला. त्याचं नाव घेऊन मी तोंड विटाळणार नाही. तरणाबांड, बोलायला लाघवी, "ताई, ताई" म्हणत पाया पडायचा. चौकीतल्या भिंतींना रंग दिला, बायकांसाठी वेगळा बाक ठेवला. सुनेत्राबाईंना वाटलं, आपल्या भागाचं नशीब उघडलं. त्या वर्षीची पहिली राखी त्यालाच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मनाली त्यांच्याकडे आली. मागच्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहणारी एकटी पोर, कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणाऱ्या वर्कशॉपमध्ये कामाला. नवऱ्यापासून वेगळी झाली होती, तर तो फोन करकरून धमक्या देई. पोलिसांत जायची तिची छाती होईना. सुनेत्राबाईंनी तिचा हात धरला आणि चौकीत नेलं. फौजदार अदबीनं उठून उभा राहिला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, नवरा-बायकोचं खाजगी आहे. तुमच्यासमोर पोरगी मोकळं बोलणार नाही. तुम्ही जरा बाहेर चहा घ्या."

शेजारी बसायचं हेच तर त्यांचं काम. दुसरा कुणी असता तर त्या खुर्चीला चिकटून बसल्या असत्या. पण भाऊ सांगतोय म्हटल्यावर त्या उठल्या. मनालीनं वळून पाहिलं, तर तिला म्हणाल्या, "घाबरू नको गं, घरचाच माणूस आहे." आणि बाहेर बाकावर बसून निवांत चहा प्यायल्या.

पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. फौजदारानं तिचा नंबर घेतला. आधी केसचे मेसेज, मग नको तसले. एक दिवस "जबाब अपुरा राहिलाय, नवऱ्याला समोरासमोर बसवायचंय" असं सांगून तिला गाडीत बसवलं आणि बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला नेलं. तिथे नवरा नव्हता नि कुणीच नव्हतं. गाडीत जे झालं ते मनालीनं सुनेत्राबाईंना अर्धंच सांगितलं. उरलेलं सांगताना ती भिंतीकडे तोंड करून बसली.

आता इथे सुनेत्राबाईंनी काय करायला हवं होतं? मनालीचा फोन घ्यायचा, त्यातले मेसेज दाखवायचे आणि थेट मोठ्या साहेबांचं दार ठोठवायचं. शाळकरी पोरालाही कळेल. बाईंनी काय केलं? त्या एकट्याच उठून फौजदाराकडे गेल्या. का, तर तो भाऊ. भावाचं चुकलं तर चव्हाट्यावर मांडण्याआधी बहिणीनं त्याचा कान धरायचा, ही त्यांची रीत. चांगलं फैलावर घेतलं त्याला. लाज काढली, आईबाप काढले. आणि रागाच्या भरात बोलून गेल्या, "खोटं बोलू नकोस, तुझे सगळे मेसेज पोरीच्या फोनमध्ये आहेत, मी डोळ्यांनी वाचलेत."

तो ढसाढसा रडला. पायांवर डोकं ठेवलं, चूक झाली म्हणाला, बदली मागून घेतो म्हणाला. सुनेत्राबाईंना दया आली. घरी येऊन त्यांनी मनालीला सांगितलं, की आता तो वाटेला जायचा नाही.

दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपवर हवालदार आला. नवऱ्यानं तुझ्याविरुद्ध चोरीची तक्रार दिलीय, तपासाला फोन जमा कर. मनालीनं दिला. न देऊन सांगते कुणाला? फोन परत मिळाला तेव्हा आतून कोरा करकरीत होता.

पुढे एका संस्थेच्या मदतीनं मनालीनं वर तक्रार केली. चौकशी बसली. सुनेत्राबाई साक्षीला गेल्या, एक शब्द न लपवता सगळं सांगितलं. पण गाडी कुणी पाहिली नव्हती आणि मेसेज तर हवेतच विरले होते. फौजदाराला दुसरीकडे पाठवलं, एवढंच. मनालीनं खोली सोडली आणि शहापूरकडे आईकडे निघून गेली. जाताना ती किल्ली द्यायला मालकाकडे आली, तेव्हा सुनेत्राबाई जिन्यात उभ्या होत्या. मनाली त्यांना वाकून नमस्कार करून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बाईंना सोसलं असतं.

त्या दिवसापासून त्यांची बेल वाजायची बंद झाली. कुणी भांडलं नाही, टोमणा मारला नाही. बायका भाजी घेताना बोलत, हळदीकुंकवाला बोलावत, सगळं पूर्वीसारखं. फक्त घरातलं रडगाणं त्यांच्यापुढे कुणी काढेना. त्या दिसल्या की विषय बदलायचा. नाक्यावरचा सिंधी किराणावाला लालचंद तेवढा एकदा बोलला, "दीदी, आजकल चौकी नहीं जाते क्या?" तो सहज बोलला असेल, पण बाई साखर न घेताच परत आल्या. रात्र रात्र त्यांना झोप लागेना. श्यामकांत त्यांना म्हणाला, "तू वाईट नाही केलंस गं. भोळेपणा केलास. पण बिल फाटलं त्या पोरीच्या नावावर." खरंच होतं ते, म्हणूनच जिव्हारी लागलं.

यंदा चौकीत पद्मजा मॅडम आल्या. एक दिवस साध्या ड्रेसमध्ये सुनेत्राबाईंच्या घरी येऊन बसल्या. आधी काय घडलं ते त्यांना ठाऊक होतं, त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "ताई, माझ्याकडे बायकांच्या तक्रारी येतच नाहीत," त्या म्हणाल्या. "वरिष्ठ शाबासकी देतात, एरिया शांत ठेवलाय म्हणून. मला माहितीये, शांत वगैरे काही नाही. बायका यायच्या थांबल्यात. तुम्ही एकीला तरी घेऊन या. एक आली की बाकीच्या येतील."

बाईंना मॅडम मनापासून आवडल्या. खूप दिवसांनी अंगात हुशारी आली. आणि कुणाला न्यायचं तेही त्यांना ठाऊक होतं. खालच्या मजल्यावर अंजनी राहते, नवरा गल्फमध्ये, मुलगी चैत्राली बारावीला. एक बाईकवाला महिनोन् महिने त्या पोरीच्या मागे लागला होता. क्लासच्या बाहेर उभा राहायचा, चोरून फोटो काढायचा, आता तर जिन्यापर्यंत यायला लागला होता. अख्ख्या बिल्डिंगला माहीत, आणि अख्खी बिल्डिंग मूग गिळून बसलेली.

सुनेत्राबाई दुपारीच खाली गेल्या. अंजनी मेथी निवडत होती. बाईंनी पद्मजा मॅडमचं सगळं सांगितलं, अगदी कळकळीनं. अंजनी मान खाली घालून ऐकत राहिली.

"चांगल्या असतील मॅडम," ती म्हणाली. "पण ताई, तोही चांगलाच होता ना?"

"या वेळी मी खुर्ची सोडणार नाही, अंजनी. तुझ्या पोरीचा हात धरून बसेन."

"आणि मॅडमची बदली झाली म्हणजे? तोवर पोरीचं नाव, नंबर, पत्ता सगळं त्यांच्याकडे जाणार. नंतर येईल तो कोण असेल, तुम्हाला माहितीये?"

बाईंना उत्तर सुचेना. अंजनीनं मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदाच वर पाहिलं.

"मला कायदा कळत नाही. तुम्ही म्हणाल तसं करीन मी. फक्त एक खरं सांगा. तुमची राजसी असती तर तिला नेलं असतं का तुम्ही तिथे?"

राजसी म्हणजे सुनेत्राबाईंची नात, बदलापूरला लेकीकडे असते, चैत्रालीच्याच वयाची. "हो" म्हणायचं होतं. त्यासाठीच तर त्या जिना उतरून आल्या होत्या. तोंडही उघडलं त्यांनी. पण डोळ्यांपुढे राजसी आली, चौकीतल्या खुर्चीवर बसलेली, वळून पाहणारी. एकदा खोटा धीर देऊन त्यांनी एका पोरीचं वाटोळं केलं होतं. पुन्हा तेच करायला जीभ रेटेना.

"नसतं नेलं," त्या म्हणाल्या.

आतल्या खोलीचा पडदा हलला आणि चैत्राली दारात आली. केस घट्ट बांधलेले, ओढणीला पिन लावलेली, पायात सँडल. सुनेत्राबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या.

"सकाळपासून तयार होऊन बसलीये," अंजनी म्हणाली. "मी नको म्हणत होते. ही म्हणाली, काकू सोबत येतो म्हणाल्या तर मी जाणार, मी नाही घाबरत. तुम्ही आपणहून खाली आलात तेव्हा मला वाटलं, असंच व्हायचं असेल."

सुनेत्राबाई चटकन उठल्या. "चल बाळा, जाऊ या आपण. मी आत्ता बोलले ते..."

"नको काकू," चैत्राली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खाली वाकली आणि सँडलचे पट्टे सोडवायला लागली.

अंजनीनं हात पुसले आणि मुरबाडच्या बहिणीला फोन लावला, की पोरीला तुझ्याकडे पाठवतेय, कॉलेजचं पुढच्या वर्षी बघू.