तिच्या धाग्यातला विद्युतभार

यंत्रावरून उतरलेलं कापड ती आधी स्वतःच्या मनगटाजवळ न्यायची. हातावरची लव उभी राहिली की म्हणायची, "काका, जिवंत आहे!"

तुमच्यापैकी कुणी सुरतेचा कापडधंदा जवळून पाहिला असेल, तर माझी अडचण कळेल. माझं सगळं आयुष्य कापडातलं स्टॅटिक, म्हणजे घासून साठणारा विद्युतभार, मारण्यात गेलं. धागे एकमेकांना चिकटतात, झटके बसतात, धूळ धरते. आणि धुळ्याची ही रसायनशास्त्र शिकलेली मुलगी सुरतेत, पांडेसरातल्या आमच्या कारखान्यात येऊन ते मुद्दाम भरत होती!

प्लास्टिकचं द्रावण सुईतून यायचं. सुईला हजारो व्होल्ट. त्या ओढीने थेंबातून केसाहून कितीतरी बारीक तंतू निघायचा.

"ताण बसला की रेणू ओळीने लागतात, काका, आणि भार आत अडकतो. धूर त्यानेच अडणार. हे मास्कचं कापड आहे, साडी नाही."

"मग साडीवाल्याला कशाला ठेवलंय इथे?"

"डब्याला सोबत नको?" म्हणत ती शेवभाजी पुढे सरकवायची.

एकदा कापड यंत्राच्या रुळाला फारच चिकटायला लागलं. ती जेवायला गेली होती. मी जन्माच्या सवयीने रुळावर स्टॅटिक मारणारं तेल फिरवलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या गिऱ्हाइकासमोर चाचणी झाली, तेव्हा धूर त्या कापडातून सरळ आरपार गेला.

शेठ ओरडले, "बेन, तुमचं केमिकलच खोटं!"

चिडली की ती अहिराणीवर यायची. "मना धागामा खोट नही!"

"माफी मागा, नोकरी राहील."

"नोकरी ठेवा तुमच्याकडे. धाग्याला खोटा म्हणू नका."

मी तिथेच उभा होतो. माझ्या तेलाने कापडातला भार मेला, हे मला तोवर कळलं होतं. मुलाचं लग्न तोंडावर आलं होतं, म्हणून गप्प राहिलो, असं स्वतःला सांगत आलो. ते कारण आता पुरे. पांडेसरात अजून जे तिच्या धाग्याला नावं ठेवतात, त्यांनी ऐकावं: तेल माझं होतं. यापुढे बोलायचं असेल तर माझ्या दारात येऊन बोला. मी उत्तर देईन.

शेठने मागच्या दाराने जा म्हटलं, तरी ती समोरूनच गेली. जाताना गेटला कापडाचे दोन तुकडे शेजारी शेजारी बांधले, एक आधीचा, एक नापास झालेला. बाजूच्या डाइंगच्या, कापड रंगवायच्या कारखान्याच्या, बॉयलरची राख तिथे दिवसभर उडते. संध्याकाळपर्यंत पहिला राख धरून काळा पडला. दुसरा जवळजवळ पांढराच. पाळी संपवून सुटलेले कामगार थांबून थांबून बघत होते.

शेठने दोन्ही काढायला सांगितले. मीच काढले. गाठी इतक्या घट्ट होत्या, की शेवटी कात्री आणावी लागली.